कोरल खडकावर पक्कं कसं बसवाल?

रात्री खडकावर झकास बसवलेला फ्रॅग (कोरलचा, म्हणजे प्रवाळाचा छोटा तुकडा) सकाळी वाळूत तोंड खुपसून पडलेला. रीफ टँक, म्हणजे कोरलचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय ठेवणाऱ्याला हे दृश्य नवं नाही. माझे सुरुवातीचे तीन-चार फ्रॅग असेच पडले आणि मी दरवेळी गोंदाला शिव्या दिल्या. चूक माझीच होती: चिकटवण्याचं काम मी पुट्टीला सांगत होतो आणि भार पेलण्याचं गोंदाला.

सुपरग्लू चिकटतो, पण त्याला जाडी नसते, त्यामुळे खडबडीत खडकावरचे खळगे तो भरू शकत नाही. एपॉक्सी पुट्टी खळगे भरते, वजन पेलते, पण पाण्याखाली ओल्या दगडाला ती जेमतेमच चिकटते. म्हणून दोन्ही लागतात.

सुपरग्लू घेताना जेलच घ्या. पातळ गोंद पाण्यात पसरतो आणि त्याचे पांढरे धागे होतात. घटकांत सायनोअॅक्रिलेट असलं पाहिजे; ते ओलाव्यानेच घट्ट होतं. पुट्टी मत्स्यालयासाठीची, दोन भागांची घ्या.

आधी जागा ठरवा. फ्रॅग नुसता ठेवून बघा: प्रकाश, प्रवाह, शेजारी कोण. युफिलियासारखे कोरल रात्री लांब दंशतंतू सोडतात, त्यांच्याभोवती १५ सेंटिमीटर तरी मोकळं ठेवा. मग ती जागा जुन्या टूथब्रशने घासा. शेवाळावर लावलेला गोंद शेवाळासकट निघून येतो. प्लगचा (फ्रॅग ज्या छोट्या चकतीवर बसवलेला असतो तिचा) दांडा आड येत असेल तर कटरने छाटून टाका.

हातमोजे घाला. झोअँथिड (बटणांसारखे झुपक्याने वाढणारे पॉलिप) हाताळताना तर हातमोजे आणि चष्मा दोन्ही हवेतच, कारण त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. असे पॉलिप असलेला खडक कधीही उकळू नका. ते विष वाफेबरोबर नाकातोंडात जाऊ शकतं. मोजे सुती मात्र नकोत, सुतावर सुपरग्लू पडला की चटका बसेल इतका तापतो.

आता पंप आणि वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारं यंत्र) बंद करा. पुट्टीचा सुपारीएवढा तुकडा कापा आणि रंग एकसारखा होईपर्यंत मळा. आतल्या रंगाची एक रेघ जरी उरली तरी ती जागा कच्ची राहते. मळल्यावर हाताशी काही मिनिटंच असतात, म्हणून दोन-दोन फ्रॅगपुरतीच मळा.

फ्रॅग पाण्याबाहेर काढा, प्लगचा तळ टिपून कोरडा करा, त्यावर जेलचा थेंब, त्यावर पुट्टीचा गोळा, गोळ्याच्या खालच्या बाजूला पुन्हा जेल. बहुतेक कोरलना एवढी दोन-चार मिनिटं हवेत सोसतात. मग सगळं पाण्यात नेऊन जागेवर दाबा.

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. पाणी लागताक्षणी जेलवर पातळ साय धरते आणि नुसतं दाबलं तर ती सायच खडकाला टेकते, गोंद आतच राहतो. म्हणून दाबताना फ्रॅग डावी-उजवीकडे किंचित घुमवा. साय फाटते, ताजा गोंद दगडाला भिडतो. पुट्टीच्या कडा बोटाने खळग्यांत चेपा आणि मिनिटभर हात हलवू नका. ते मिनिट फार लांबतं!

दहा-पंधरा मिनिटांनी पंप सुरू करा. (मी एकदा विसरलो होतो. मोबाइलवर गजर लावा.) बरीच पुट्टी वापरली असेल तर स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) फेसाने उतू जाऊ शकतो, त्याचा फेस साठणारा कप रिकामा ठेवा किंवा स्किमर तात्पुरता मंदावा. पुट्टीचा डाग सुरुवातीला डोळ्यांत खुपतो, पण काही महिन्यांत त्यावर जांभळं कोरलाइन (खडकावर चढणारं कडक शेवाळ) चढतं.

मशरूम कोरलच्या वाटेला मात्र गोंद घेऊन जाऊ नका. त्यांच्या अंगच्या बुळबुळीत स्रावावर काहीच टिकत नाही. एका वाटीत खडकाचे बारीक तुकडे घाला, त्यावर मशरूम ठेवा, वरून जाळी बांधा आणि मंद प्रवाहात सोडून द्या. काही दिवसांत तो स्वतःच एखाद्या खड्याला धरतो. मग तो खडा चिकटवायचा. ट्रॅकिफिलियासारख्या मेंदू कोरलना तर काहीच नको, ते वाळूवरच सुखात असतात.

एवढं करूनही टर्बो गोगलगाय एखादा फ्रॅग लोळवतेच. तेव्हा जुनी पुट्टी खरवडून काढा आणि पुन्हा ब्रशपासून सुरुवात करा. जुन्या गोंदावर नवा गोंद धरत नाही.