मानेला १० टक्केच रेटिंग मिळालं होतं, ते असं सुधारलं (माझा अनुभव)

अमेरिकन लष्करातल्या नोकरीत मानेचे मणके झिजले. हे दुखणं लष्करी सेवेमुळेच झालं हे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याने (व्हीए) मान्य केलं, पण अपंगत्वाचं रेटिंग, ज्यावर दरमहा भरपाई ठरते, ते आलं फक्त १० टक्के. गाडी मागे घेताना मान वळत नव्हती, उजवा अंगठा बधिर, शर्टाचं बटण हातातून सुटायचं.

एमआरआय पुन्हा पाठवला, लांबलचक पत्र लिहिलं, उपयोग शून्य. फार खचलो होतो.

मग रेटिंगचा सरकारी नियम वाचला, ३८ सीएफआर ४.७१ए. मान पुढे किती अंश वाकते यावर बरंच ठरतं: ३० च्या वर ते ४० ला १० टक्के, १५ च्या वर ते ३० ला २०, १५ किंवा कमी असेल तर ३०. माझी नोंद ३५ अंशांची होती, कारण तपासणीला मी गोळी घेऊन, बऱ्या दिवशी गेलो होतो.

आधी दोन महिने दुखणं उसळलेल्या दिवसांची वही ठेवली. ती घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोनिओमीटरने (कोन मोजायच्या साधनाने) अंश मोजले आणि दुखणं उसळल्यावर मान किती वाकते याचा अंदाजही आकड्यात लिहिला. हे वाक्य मागून घ्याच. त्यानंतर ईएमजी (नसा-स्नायूंची तपासणी), कारण हातात उतरणाऱ्या नसेच्या त्रासाला वेगळं रेटिंग मिळतं. शेवटी फॉर्म २०-०९९५ (नव्या पुराव्यासह फेरविचाराचा अर्ज), पहिल्या निकालापासून एक वर्षाच्या आत. त्यामुळे भरपाई जिथून मोजतात ती जुनी तारीख टिकली.

नवा निकाल: मान २० टक्के, हात २० टक्के. यांची सरळ बेरीज करत नाहीत: आधी १०० तले २०, मग उरलेल्या ८० चे २० टक्के म्हणजे १६, एकूण ३६, ते जवळच्या दहाला धरून ४०.