सील बदलण्याआधी इंजिनातला दाब बघा

गॅरेजमध्ये नवीन आलेल्या पोरांना मी आधी ऑइल गळतीच्या कामाला लावतो. काम सोपं वाटतं, पण गिऱ्हाइकाचा पैसा इथेच जास्त वाया जातो. गाडीखाली डाग दिसला की गिअरबॉक्स उतरवायचा, फ्लायव्हीलकडचं क्रँक सील (फिरणाऱ्या क्रँकभोवती बसून ऑइल अडवणारी रबरी कडी) बदलायचं आणि गाडी द्यायची, अशी सवय लागलेली असते. थोड्याच दिवसांत गाडी तोच डाग घेऊन परत येते. सील चांगलं असतं, बसवलेलंही नीट असतं; आतून ढकलणारा दाब मात्र कुणी तपासलेला नसतो.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेला थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या डब्यात, उतरतोच. पूर्वी तो नळीतून थेट रस्त्यावर सोडत. कॅलिफोर्नियात 1961 च्या मॉडेलपासून तो परत इंजिनातच जाळायची सक्ती झाली, आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधला वायू खेचून इंजिनात परत पाठवणारा छोटा व्हॉल्व्ह, रुळला. पेट्रोल इंजिनात हा व्हॉल्व्ह मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या पाइपच्या) ओढीने वायू खेचतो, तर एअर फिल्टरच्या बाजूच्या नळीतून ताजी हवा आत येते. म्हणजे आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) क्रँककेसमध्ये किंचित ओढ असायला हवी. व्हॉल्व्ह किंवा नळी चिकट गाळाने तुंबली की ओढीच्या जागी दाब तयार होतो आणि ऑइल वाट मिळेल तिथून बाहेर येतं: टॅपेट कव्हर (इंजिनावरचं झाकण), क्रँकची पुढची-मागची सीलं, डिपस्टिक. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी ओल दिसली, किंवा एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल सापडलं, तर माझा पहिला संशय इथेच असतो. रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाड्यांत हे फार होतं. इंजिन पुरेसं तापत नाही, आतली वाफ तशीच राहते आणि ऑइल कॅपच्या आत पांढरट साय धरते. ती साय दिसली म्हणून लगेच हेड गास्केट (हेड आणि ब्लॉकमधली सीलबंद पट्टी) जाऊन ऑइलात पाणी शिरलं असं म्हणू नका; आधी कूलंट कमी होतंय का ते बघा.

आता तपासणी. इंजिन गरम करून आयडलला ठेवा, ऑइल कॅप काढा आणि त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून बसवा. एअर फिल्टरकडची नळी चिमटीत दाबून धरा. हातमोजा हळूहळू आत ओढला गेला, तर व्यवस्था चालू आहे. नळी मोकळी सोडूनही तो फुगून उभा राहिला, तर दाब आहे. मग इंजिन चालू ठेवूनच व्हॉल्व्ह मॅनिफोल्डच्या नळीसकट बाहेर काढा आणि तोंडावर बोट ठेवा. ओढ जाणवली पाहिजे. हलवून खडखड आवाज आला की व्हॉल्व्ह चांगला, असं बरेच जण शिकवतात. त्यावर विसंबू नका. आतली स्प्रिंग मेलेली असली तरी खडखड येते. नळीही हाताने दाबून बघा. फुगलेली, मऊ पडलेली नळी ओढ लागली की आतल्या आत चिकटते, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

व्हॉल्व्ह, नळ्या साफ असूनही हातमोजा फुगत असेल, तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या कडेने खाली उतरणारा वायू, जास्त आहे. तिथे सिलिंडरांचं कॉम्प्रेशन (आतला दाब) गेजने मोजून घ्या, मग आकडा कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा घ्या. आकडा चांगलाच वर गेला, तर रिंगा झिजल्यात. गिऱ्हाइकाला ते तेव्हाच सांगा, सीलचं बिल झाल्यावर नाही.

गळतीची जागा ठरवताना इंजिन धुऊन, पुसून, गाडी फिरवून आणा आणि वरून खाली बघत या. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून पाझरलेलं ऑइल ब्लॉकवरून उतरत नेमकं बेल हाउसिंगपाशी (इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याच्या कवचापाशी) ठिबकतं, अगदी क्रँक सील गेल्यासारखं. बोटावर घेऊन वासही घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो; तो आला तर गळती इंजिनाची नाही.

डिझेलला यातलं सगळं तसंच लावू नका. जुन्या डिझेलमध्ये मॅनिफोल्डला अशी ओढ नसते. टर्बोच्या गाडीत ब्रीदर (क्रँककेसमधला वायू बाहेर काढायची वाट) टर्बोच्या आधीच्या पाइपला जोडलेला असतो. तिथे ऑइल सेपरेटर (वायूतलं ऑइल वेगळं करणारा भाग) आणि ब्रीदरची नळी बघायची.

दाब काढल्यावरही कडक पडलेलं सील पाझरतच राहतं, ते बदलावंच लागेल. पण व्हॉल्व्ह काही शे रुपयांचा, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी हजारांत. आधी व्हॉल्व्ह, मग काही दिवस गाडी चालवून बघणं, हा क्रम मी कधी सोडत नाही. आणि व्हॉल्व्ह त्याच इंजिनाच्या पार्ट नंबरचा घ्या. दिसायला सारख्या दोन व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात; चुकीचा बसला तर आयडल हलतं किंवा दाब पुन्हा साठतो.