मांडवाखाली घडीचा चाकू

काही घडीचे चाकू खिशातून काढतानाच उघडतात, कारण त्यांच्या पात्याच्या पाठीवर आकड्यासारखा उंचवटा असतो. पात्याचे टोक वर आणि पाठ खिशाच्या मागच्या शिवणीकडे ठेवून असा चाकू अडकवला, तर तो वर आणि किंचित मागे ओढताना उंचवटा खिशाच्या कडेत अडकतो व पाते बिजागरीभोवती फिरून खटक्यात बसते. तासगावच्या द्राक्षबागेत, एक हात वेलीत गुंतलेला असताना, ही सोय खरोखरच उपयोगी पडते. शिवण उसवलेली असल्यास मात्र पाते अर्धवटच उघडते, म्हणून ‘टक्’ असा आवाज ऐकल्याशिवाय कापायला सुरुवात करू नये. बिजागरीत साचलेला द्राक्षाचा चिकट रस कोमट पाण्याने धुऊन, चाकू कोरडा करून थेंबभर तेल सोडावे. शेजारी माणूस खेटून उभा असेल, तर चाकू सावकाश, दोन्ही हातांनीच उघडावा.