मारिओ-सोनिकच्या ऑलिंपिकमध्ये खेळाडू कसा निवडावा

निंटेंडो या व्हिडिओ गेम कंपनीचा मारिओ आणि सेगा या तशाच कंपनीचा सोनिक ही पात्रे २००७ साली ज्या गेममध्ये प्रथमच समोरासमोर आले, त्या बीजिंग ऑलिंपिकच्या गेममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ, असे १६ खेळाडू आहेत. त्यांचे अष्टपैलू, वेगवान, ताकदवान आणि कुशल असे चार गट पाडलेले आहेत, म्हणून चेहऱ्यावर न जाता आधी क्रीडाप्रकार पाहावा.

१०० मीटर धावण्यासाठी सोनिक किंवा शॅडो घ्यावा. मात्र वी (Wii) या निंटेंडोच्या गेमिंग यंत्रावर दोन्ही हातांतील कंट्रोलर आळीपाळीने हलवावे लागत असल्यामुळे हातांची लय तुटली, तर सोनिकचा वेगही वाया जातो. हातोडाफेकीसाठी बाउझर किंवा नकल्स घ्यावा, तर तिरंदाजीत वाऱ्याचा अंदाज घेऊन नेम धरायचा असल्याने पीच किंवा ब्लेझ मला अधिक भरवशाची वाटते. नवशिक्याने मारिओपासून सुरुवात करावी.

प्रतिस्पर्धी संगणक असेल, तर त्याचाच गट निवडून एकदा हरून पाहावे. आपण नेमके कुठे मागे पडतो, हे त्यातूनच स्पष्ट दिसते. समोर मित्र असेल, तर त्याच्या आवडत्या खेळाडूचा गट ओळखून, ज्या प्रकारात तो गट कमी पडतो, तो प्रकार आपण सुचवावा.