वापरकर्त्यांच्या फोल्डरांवरून स्पॅमअसॅसिनला शिकवणे

स्पॅमअसॅसिन हा नको असलेली ईमेल, म्हणजे स्पॅम, ओळखणारा फिल्टर बसवल्याबरोबर त्याचे तयार नियम कामाला लागतात, पण त्यातला बेझ पद्धतीने, म्हणजे शब्दांवरून स्पॅमची शक्यता काढून, शिकणारा भाग तेव्हा कोरा असतो. आपल्या संस्थेत कोणत्या विषयांची पत्रे येतात आणि कोणते शब्द रोजचे आहेत हे त्याला कोणीतरी दाखवून द्यावे लागते. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले संदेश शिकल्याशिवाय तो संदेशांना गुण (जास्त गुण म्हणजे स्पॅमची शक्यता जास्त) द्यायला सुरुवातच करत नाही. ज्या सर्व्हरवर पोस्टफिक्स (पत्रे पाठवणारा-घेणारा प्रोग्राम), डव्हकॉट (पत्रपेट्या सांभाळणारा प्रोग्राम) आणि स्पॅमअसॅसिन आहेत, तिथे हे शिक्षण वापरकर्त्यांनीच वेगळ्या काढलेल्या संदेशांवरून कसे द्यावे, ते इथे सांगितले आहे. या कामात स्पॅम मिळवणे कधीच अवघड नसते. अवघड असतो तो चांगल्या संदेशांचा खात्रीचा साठा, आणि फिल्टरची गुणवत्ता मुख्यतः त्यावरच ठरते.

आधी फिल्टरने शिकलेल्या माहितीचा साठा कुठे राहणार ते ठरवावे. प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा साठा ठेवला तर प्रत्येकाला स्वतंत्रपणे दोनशे-दोनशेची अट पूर्ण करावी लागते, आणि बहुतेक जण ती कधीच पूर्ण करत नाहीत. म्हणून लहान व मध्यम संस्थेने सर्वांसाठी एकच साठा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी ‘बेझ-पाथ’ या सेटिंगमध्ये मार्ग द्यावा लागतो, पण त्या मार्गाचा शेवटचा भाग डिरेक्टरीचे नाव नसून फाइलींच्या नावाची सुरुवात असते, हे लक्षात ठेवावे. हे सेटिंग दिले नसेल, तर शिकवण्याची आज्ञा ज्या खात्यातून चालवली त्या खात्याच्या होम डिरेक्टरीत साठा तयार होतो. फिल्टर ‘अमाविस’ (पत्रे फिल्टरकडे सोपवणारा प्रोग्राम) याच्या खात्याखाली चालत असताना ‘रूट’ या प्रशासकाच्या खात्यातून हजारो संदेश शिकवले, तर ते सगळे शिक्षण अशा ठिकाणी जाते जिथे फिल्टर कधी पाहतच नाही. फिल्टर ज्या खात्यातून चालतो, त्याच खात्यातून शिकवावे.

आता चांगल्या संदेशांकडे वळू. इनबॉक्स सरसकट चांगला मानणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण फिल्टरच्या नजरेतून सुटलेला आणि अजून कोणी न उघडलेला स्पॅम तिथेच पडून असतो. वापरकर्त्यांनी स्वतः बनवलेली फोल्डरे, म्हणजे प्रकल्प, बिले, विद्यार्थी, ग्राहक अशा नावांची, हा सर्वांत विश्वासार्ह स्रोत होय. मुद्दाम जपून ठेवलेल्या पत्रात स्पॅम क्वचितच असतो. इनबॉक्समधून घ्यायचेच असेल, तर वाचलेले, उत्तर दिलेले आणि काही दिवस तिथेच राहिलेले संदेश घ्यावेत. मेलडिर पद्धतीत, म्हणजे प्रत्येक संदेश वेगळ्या फाइलीत ठेवला जातो तिथे, ‘न्यू’ (new) डिरेक्टरीतले संदेश पूर्णपणे वगळावेत आणि ‘कर’ (cur) डिरेक्टरीतले, फाइलनावात ‘एस’ (वाचलेला) खूण असलेले पण ‘टी’ (काढून टाकायचा) खूण नसलेले, तेवढे निवडावेत. ही निवड करण्यापूर्वी वापरकर्त्यांना तसे लेखी कळवून त्यांची संमती घ्यावी; मनुष्यबळ, वेतन किंवा वैद्यकीय बाबींची फोल्डरे तर यात आणूच नयेत.

जंक फोल्डरही डोळे मिटून घेऊ नये. स्वतःच नोंदणी केलेल्या वृत्तपत्रिकांचा कंटाळा आला की अनेक जण त्या जंकमध्ये टाकतात, आणि मग बँकेची विवरणपत्रे किंवा परिषदांच्या सूचना यांची भाषा फिल्टरला स्पॅमची वाटू लागते. पहिल्या तुकडीतले विषय आणि पाठवणारे एकदा तरी नजरेखालून घालावेत. स्पॅम ‘फॉरवर्ड’ करून पाठवा, असेही कोणाला सांगू नये. फॉरवर्ड करताना मूळ हेडर, म्हणजे पत्र कुठून कसे आले याच्या नोंदी, नाहीसे होतात आणि फिल्टर आपल्याच सहकाऱ्याचे नाव स्पॅमची खूण म्हणून शिकतो.

मराठीत पत्रव्यवहार होत असेल तर आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, त्यामुळे शब्दाची लांबी बाइटमध्ये मोजणाऱ्या प्रणालीला साधा मराठी शब्दही लांबलचक वाटतो. २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या ४.० आवृत्तीत मजकूर यूटीएफ-८ मध्ये आणून तपासण्याचे सेटिंग मुळातच चालू आहे. जुन्या आवृत्तीत ते हाताने चालू करावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मराठी चांगले संदेश पुरेशा संख्येने शिकवणे. कर्जाच्या आणि लॉटरीच्या देवनागरी जाहिराती तेवढ्या स्पॅम म्हणून शिकवल्या आणि मराठी कार्यालयीन पत्रे शिकवलीच नाहीत, तर ‘आपण’, ‘कृपया’, ‘रक्कम’ यांसारखे रोजचे शब्द संशयास्पद ठरतात.

दोन्ही ढीग तयार झाले की ते साधारण सारख्या आकाराचे आणि एकाच काळातले असावेत. चांगले संदेश पाच वर्षांपूर्वीचे आणि स्पॅम गेल्या महिन्यातला असेल, तर फिल्टर मजकुराऐवजी तारखांचाच फरक शिकतो. प्रत्येकी हजार संदेश ही चांगली सुरुवात आहे. पाच हजारांच्या पुढे फारसा लाभ होत नाही. दोन्ही ढिगांतले काही संदेश शिकवण्यातून वगळून चाचणीसाठी बाजूला ठेवावेत. मग ‘एसए-लर्न’ ही आज्ञा एका डिरेक्टरीसाठी ‘स्पॅम’ आणि दुसरीसाठी ‘हॅम’ (चांगले संदेश) या पर्यायासह चालवावी. मोठ्या ढिगासाठी नोंदी लगेच मुख्य साठ्यात न मिसळणारा ‘नो-सिंक’ पर्याय द्यावा आणि सर्वांत शेवटी एकदाच ‘सिंक’ करावे. ‘डंप मॅजिक’ या पर्यायाने किती स्पॅम आणि किती चांगले संदेश नोंदले गेले ते दिसते. आकडे शून्य दिसले, तर खाते किंवा मार्ग चुकला आहे. चुकीच्या बाजूला शिकवलेला संदेश योग्य बाजूला पुन्हा शिकवला की जुनी नोंद आपोआप पुसली जाते.

पुढचे शिक्षण रोजच्या वापरातून व्हावे, यासाठी डव्हकॉटचे ‘आयमॅपसीव्ह’ हे प्लगइन (जोड-प्रोग्राम) आहे. कोणी संदेश जंकमध्ये हलवला की सीव्ह या पत्रे गाळण्याच्या भाषेतली एक स्क्रिप्ट चालते आणि जंकमधून बाहेर काढला की दुसरी चालते; ती स्क्रिप्ट संदेश आपल्या प्रोग्रामकडे सोपवते. डव्हकॉट २.४ मध्ये सेटिंगची मांडणी बदलली असल्याने आपल्या आवृत्तीचेच दस्तऐवज पाहावेत. या प्रोग्रामने तिथल्या तिथे ‘एसए-लर्न’ चालवू नये, कारण दर वेळी पर्लचा नवा प्रोग्राम सुरू होतो आणि तेवढा वेळ वापरकर्ता खोळंबतो. त्याऐवजी संदेशाची प्रत रांगेच्या डिरेक्टरीत ठेवावी आणि रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून) सगळे एकदम शिकवावेत. यामुळे एखाद्याने चुकून शंभर संदेश जंकमध्ये ओढले, तर ते शिकवले जाण्याआधी रांग थांबवता येते.

जंकमधून ट्रॅशमध्ये गेलेला संदेश ‘बाहेर काढलेला’ धरला जाऊ नये, अशी अट दुसऱ्या स्क्रिप्टमध्ये घालायलाच हवी; ती नसेल तर जंक रिकामे करणारा प्रत्येक माणूस नकळत स्पॅमला चांगले ठरवत राहतो. थंडरबर्डसारख्या प्रोग्रामचा स्वतःचा फिल्टर चालू असेल, तर त्याने हलवलेले संदेशही माणसाने हलवल्यासारखेच दिसतात, म्हणून तो बंद करण्यास सांगावे.

बाजूला ठेवलेले संदेश आता तपासावेत. स्पॅममध्ये ‘बेझ ९९’ (जवळजवळ नक्की स्पॅम) आणि चांगल्यात ‘बेझ ००’ (जवळजवळ नक्की चांगला) ही खूण बहुतेक ठिकाणी दिसायला हवी. सर्वत्र ‘बेझ ५०’ येत असेल तर शिक्षण अपुरे किंवा गोंधळलेले आहे. मूळ सेटिंगमध्ये ‘बेझ ९९’ ला ३.५ गुण आहेत आणि स्पॅम ठरण्याची मर्यादा ५ आहे. हे गुण वाढवून एकट्या बेझच्या भरवशावर संदेश अडवण्याचा मोह टाळावा. एखादे चांगले पत्र ‘बेझ ९९’ म्हणून येऊ लागले, तर त्या पाठवणाऱ्याची दहा-वीस जुनी पत्रे शोधून हॅम म्हणून शिकवावीत, आणि मोठ्या फेरबदलाआधी ‘बॅकअप’ पर्यायाने साठ्याची प्रत काढून ठेवावी.