बाईला तारीख विचारू नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारी वकील म्हणून रुजू झाले, तेव्हाचा विवाहितेच्या छळाचा पहिलाच खटला. फिर्यादी बाई सरतपासात, म्हणजे मी प्रश्न विचारत असताना, म्हणाली, "पोळ्याच्या करीले यानं माह्या हाताले चटका देल्ला." मला वाटलं, जिंकलो. आरोपीच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, "हे पोलिसांना सांगितलं होतं?" "सांगतलं होतं." "मग फिर्यादीत का नाही?" "मले नाही सांगता येत." पुढे तपासी अंमलदारानंही तिनं तसं सांगितलं नसल्याचं कबूल केलं. ओमिशन, म्हणजे महत्त्वाची गोष्ट पोलिसांकडच्या जबाबात नसणं, सिद्ध झालं, आरोपी निर्दोष सुटला. डाग मी स्वतः पाहिला होता. पण माझं पाहणं हा पुरावा नव्हे.

नव्यानं येणाऱ्यांनी आधी घटनेची तारीख बघावी. 1 जुलै 2024 पूर्वीची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 498अ, त्या दिवसापासून पुढची असेल तर भारतीय न्याय संहितेचं 85, व्याख्या 86 मध्ये. शिक्षा दोन्हीकडे तीन वर्षांपर्यंत. घरातलं प्रत्येक भांडण यात बसत नाही. बाई जिवाचं बरंवाईट करेल किंवा तिच्या जिवाला, तब्येतीला गंभीर इजा होईल असं वागणं, नाहीतर पैशाच्या किंवा मालमत्तेच्या बेकायदा मागणीसाठी जाच, यातलं आपल्याला काय शाबीत करायचंय ते ठरवूनच उभं राहावं.

"नेहमी मारायचे, टाकून बोलायचे" यावर शिक्षा होत नाही. कधी, कुठं, कोणी, हे लागतं. पण आपल्याकडच्या बाईला तारीख विचारली की ती गोंधळते. त्यापेक्षा "सोयाबीन निघालं होतं का?", "पहिली वेचणी झाली होती?", "लहाना पोटात होता का?" असं विचारा, महिना आपोआप निघतो. मग त्या महिन्याचा कागद शोधा. ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी, बापाचं पासबुक. मोबाइलवरचे मेसेज असतील तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र हवंच, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही.

साक्षीआधी तिचा जबाब तिला वाचून दाखवा. पढवायचं मात्र नाही. पढवलेली साक्ष उलटतपासात दोन प्रश्नांत उघडी पडते.

आई-भावाची साक्ष केवळ नातेवाईक म्हणून फेकून देता येत नाही. फक्त त्यांनी पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं काढा. लेक सणाला आली, पदराखाली हात झाकून बसली, मायनं पदर सारून पाहिलं, ही मायची स्वतःची साक्ष. आणि नागपूरला नांदणाऱ्या नणंदेचं नाव नुसतं ओढलेलं असेल तर आपलाच खटला पोकळ होतो. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मोघम आरोपांवरची फिर्याद रद्द केली आहे.

मागच्या एका खटल्यात समोरचे वकील म्हातारीला सारखे तारीख विचारत होते. शेवटी ती वैतागली, "तारीख नाई ठाऊक, बाप्पा. जवायाले गाडीसाठी पैसे देल्ले त्या दिवशी आमची तूर इकली होती."

त्या तूरविक्रीची बाजार समितीची पट्टी आधीच निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडून दाखल होती.