बाऊन्स फ्लॅश मारताना हेड नेमकं कुठं वळवायचं

बाऊन्स म्हणजे फ्लॅशचा उजेड थेट माणसावर न मारता भिंतीवर किंवा छतावर मारून परत आणणं, आणि हेड म्हणजे फ्लॅशचं फिरणारं डोकं. "हेड छताकडे कर आणि मार" हा सल्ला ज्यानं कुणी पसरवला त्याच्यामुळे आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी साखरपुड्याच्या अल्बममध्ये नवरीच्या डोळ्यांखाली काळं दिसतं. मेकअपचा काही दोष नसतो हो, उजेड डोक्यावरून सरळ खाली पडतो, म्हणून होतं ते.

सेटिंग पटकन लावा: कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/१६०, अॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ ४, आयएसओ (कॅमेरा उजेड किती पकडतो ते) ८००, फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे किती उजेड मारायचा ते कॅमेराच ठरवतो, आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे नंतर सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये. आयएसओ १०० चा हट्ट नको. उजेड भिंतीला लागून परत येईपर्यंत दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) सहज कमी होतो, मग फ्लॅश प्रत्येक वेळी फुल पॉवर मारतो आणि मे महिन्यात भुसावळच्या उन्हाळ्यात तापून मधेच थांबतो.

आता खरी गोष्ट. मीसुद्धा इथंच बरेच दिवस अडकलो होतो, कारण मी फ्लॅशकडे बघायचो, भिंतीकडे नाही. फ्लॅशचा उजेड जिथं पडतो ती जागाच तुमचा लाइट असते. त्यामुळे आधी ठरवा, या माणसाच्या चेहऱ्यावर खिडकीतून उजेड आला असता तर खिडकी कुठं हवी होती, आणि हेड तिकडे वळवा. बहुतेक वेळा ती जागा तुमच्या खांद्याच्या मागे, बाजूच्या भिंतीवर, जिथं भिंत आणि स्लॅब मिळतात तिथं येते. हो, मागे! समोरच्या माणसाकडे हेड ४५ अंशात झुकवलं तर थोडा उजेड थेट कपाळावर जातो आणि कपाळ चमकतं. समोरच्याला सरळ विचारा, "दादा, फ्लॅशची काच दिसते का?" दिसत असेल तर थेट उजेड जातोय, त्या बाजूला काळ्या फोमचा तुकडा रबरबँडनं लावा.

आणि बाजू कोणती? नाक ज्या भिंतीकडे वळलंय ती. घरातल्या कुणाला तरी खुर्चीवर बसवा, बाकी काही न हलवता फक्त हेड फिरवत फोटो काढा, आणि नाकाखालची सावली बघा. सावली सरळ ओठावर उतरली तर उजेड फार वरून येतोय. डोळ्यात उजेडाचा ठिपका नसेल तरी तेच. कॅमेरा उभा धरला की हेड पुन्हा फिरवावं लागतं, हे घाईत सगळेच विसरतात आणि उजेड भलत्याच भिंतीवर जातो.

आपल्याकडच्या घरांची एक अडचण आहे, रंग. पोपटी किंवा आकाशी ऑइलपेंटच्या भिंतीवर मारलं की चेहऱ्याची एक बाजू पोपटी होते, आणि व्हाइट बॅलन्सनं (फोटोतला रंग सुधारायची सेटिंग) ती नीट सुधरत नाही कारण दुसऱ्या बाजूवर वेगळाच उजेड असतो. धाब्याच्या जुन्या घरात वरची काळपट लाकडं उजेड खाऊन टाकतात. अशा वेळी पांढरी चादर दोन पोरांना धरायला लावा नाहीतर थर्माकोलची शीट उभी करा, आणि त्यावर मारा. लाल-पिवळ्या मंडपातही हाच उपाय. रात्री उघड्या लॉनवर बाऊन्स व्हायला काहीच नसतं, तिथं फ्लॅशवर बसवायची ती प्लॅस्टिकची टोपी लावून हेड आकाशाकडे करणं म्हणजे सेल जाळणं, तीही विकत घेऊ नका.

उंच छताच्या मंगल कार्यालयात छत विसरा, माणसाला भिंतीपासून पाच-सहा फुटांवर आणा.

पांढरा सदरा, पांढरी टोपी घातलेले आजोबा असतील तर टीटीएल फोटो काळपट काढतो, फ्लॅश एक स्टॉप वाढवा. गडद शालू असेल तर थोडा कमी करा. सेल चार्जेबल घ्या आणि एक सेट खिशात ठेवा.